न थांबलेली दुरुस्ती

हात भाजला की वण राहतो, गुडघा फुटला की खपली धरते. हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. उजव्या बरगड्यांखाली असलेल्या सव्वा-दीड किलो वजनाच्या यकृतातही असाच वण धरतो. पण तो वर्षानुवर्षं दिसत नाही आणि दुखतही नाही. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात. तो पुरता पसरून यकृताच्या गाठी गाठी झाल्या की त्याचं सिरॉसिस होतं. हा वण नेमका धरतो कसा आणि तो अडवायचा कुठे, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा कल दोन बाजूंना असतो. काहीजण पेशीच्या आतली कळ शोधतात. काहीजण म्हणतात, आधी घावाचं कारण दूर करा. दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात म्हणून मी दोन माणसं कल्पिली आहेत. मावशी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट आहे. तिचं आयुष्य सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे काप पाहण्यात गेलं. भाची पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत यकृताच्या पेशींवर पीएच.डी. करते आहे. माणसं कल्पित आहेत, त्यांच्या तोंडचं विज्ञान खरं आहे. रविवारची दुपार आहे. टेबलावर मावशीचा जुना सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांची लाकडी पेटी आहे.

मावशी: बोलायच्या आधी ही काचपट्टी बघ. डोळा लाव आणि काय दिसतं ते साध्या शब्दांत सांग.

भाची: मॅसन ट्रायक्रोमचा रंग दिलाय. पेशी लाल, कोलॅजेन निळं. निळं अगदी थोडं आहे, रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका जिथून आत शिरतात त्या कोपऱ्यांपुरतं. बाकी सगळीकडे लाल पेशींच्या ओळी. निरोगी यकृत आहे.

मावशी: आता ही दुसरी.

भाची: इथे मधल्या शिरेभोवती बारीक निळ्या तारा फुटल्यात. एकेका पेशीला वेढा पडलाय. कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी असते ना, अगदी तशी. पेशींत चरबीचे मोकळे गोल थेंबही दिसतात. फॅटी लिव्हर, नाहीतर दारू.

मावशी: आणि ही तिसरी.

भाची: निळे जाड पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेत. त्यांच्यामध्ये लाल पेशींची गोल बेटं उरलीत. हे सिरॉसिस.

मावशी: पहिल्या काचेपासून तिसऱ्या काचेपर्यंत यायला बहुतेकांना कित्येक वर्षं, अनेकदा दोन-तीन दशकं लागतात. आम्ही त्याच्या एफ-शून्य ते एफ-चार अशा पायऱ्या मांडल्या. निळं किती आहे हे सांगण्यात माझी नोकरी गेली. पण या काचांनी मला एक गोष्ट शिकवली. नवं निळं जिथे धरत असतं, तिथे आसपास मेलेली नाहीतर मरणपंथाला लागलेली पेशी सापडतेच. आधी घाव, मग वण. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. घाव घालणारा हात धरा, वणाशी भांडत बसू नका.

भाची: घाव घालणारे हात खूप आहेत, मावशी. दारू आहे, बी आणि सी हे हिपॅटायटिसचे विषाणू आहेत, चरबी आहे, तुंबलेलं पित्त आहे, साठलेलं लोह आहे, तांबं आहे. पण घाव कोणीही घातला तरी हे निळं विणणारी पेशी बहुतेक वेळा एकाच जातीची असते. पित्ताच्या आजारांत नलिकांभोवतीच्या तंतुपेशी हातभार लावतात हे खरं, तरी मुख्य विणकर एकच. त्याला थोपवता आलं तर इतक्या जणांच्या मागे धावावं लागणार नाही.

मावशी: तुमची ती तारकापेशी ना?

भाची: तीच. १८७६ मध्ये कुफर यकृतातले मज्जातंतू शोधत होता. त्याने सोन्याच्या क्षाराने काप रंगवले आणि त्याला चांदणीसारख्या फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. पुढे त्याचं नाव मात्र यकृतातल्या भक्षक पेशींना चिकटलं. १९५१ मध्ये जपानच्या इतो यांनी चरबी साठवणाऱ्या पेशींचं वर्णन केलं. कुफरच्या चांदण्या आणि इतोंच्या पेशी एकच आहेत, हे १९७१ मध्ये वाके यांनी दाखवलं. १९८५ मध्ये अमेरिकेत स्कॉट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातून त्या वेगळ्या काढल्या, आणि कोलॅजेन मुख्यतः त्याच तयार करतात हे सिद्ध केलं. म्हणजे पेशी दिसल्यापासून ती काय करते हे कळेपर्यंत शंभरावर वर्षं गेली.

मावशी: निरोगी यकृतात ती काय करत असते? नुसती वाट बघत बसलेली तर नसणार.

भाची: ती कोठीघर सांभाळते. यकृतातल्या केशवाहिन्यांच्या भिंतीला चाळणीसारखी भोकं असतात. त्या भिंती आणि मुख्य यकृतपेशी यांच्यामध्ये एक अरुंद फट असते, तिला डिसची फट म्हणतात. तारकापेशी त्या फटीत हात-पाय पसरून बसलेली असते. शरीरात साठवलेल्या अ-जीवनसत्त्वाचा बहुतांश साठा तिच्या पोटातल्या तेलाच्या थेंबांत असतो. मी ताजी काढलेली पेशी अतिनील प्रकाशाखाली धरते तेव्हा ते थेंब निळसर-हिरवे चमकतात आणि बघता बघता विझतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाही.

मावशी: मग ही कोठी सांभाळणारी बाई विणकर कधी होते?

भाची: शेजारी आग लागली की. समज, चरबीने किंवा विषाने एक यकृतपेशी मेली. ती फुटते तेव्हा एरवी आत असायला हवं ते बाहेर सांडतं, डीएनएचे तुकडे, ऊर्जेसाठीचं एटीपी, केंद्रकातली प्रथिनं. जवळच्या कुफर पेशींना हा धोक्याचा इशारा असतो. त्या चेकाळतात, दाह पेटवणारे रेणू सोडतात आणि रक्तातल्या मोनोसाइट पेशींना हाका मारून आत बोलावतात. आतड्याची भिंत कमजोर झाली असेल तर आतड्याकडून यकृतात येणाऱ्या पोर्टल शिरेतून जिवाणूंच्या कवचाचे तुकडेही येतात आणि आगीत तेल पडतं. या गोंधळात दोन निरोप तारकापेशीपर्यंत पोचतात. एक पीडीजीएफचा, तो सांगतो, संख्या वाढव. दुसरा टीजीएफ-बीटाचा, तो सांगतो, विण.

मावशी: टीजीएफ-बीटा कुठून येतो?

भाची: तो बराचसा आधीपासून तिथेच असतो. एका प्रथिनाच्या पिशवीत बांधून पेशींभोवतीच्या जाळ्यात अडकवून ठेवलेला. पेशीच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नावाचे आकडे असतात. ते त्या पिशवीला धरून ओढतात, पिशवी उसवते आणि टीजीएफ-बीटा मोकळा होतो. तो पेशीवरच्या ग्राहीला जाऊन बसला की आत स्मॅड-दोन आणि स्मॅड-तीन या प्रथिनांना फॉस्फेट लागतं. ती स्मॅड-चारला सोबत घेऊन केंद्रकात शिरतात आणि कोलॅजेनची जनुकं चालू करतात. तेलाचे थेंब संपत जातात. पेशी लांबट होते, तिच्यात स्नायूत असतं तसलं ॲक्टिन तयार होतं आणि ती आकसायला शिकते. तारकापेशी राहत नाही, मायोफायब्रोब्लास्ट होते.

मावशी: आणि ती जे विणते तेच मी निळं बघते.

भाची: हो. कोलॅजेनचे तीन धागे एकमेकांत पिळून दोर होतो. तो पेशीबाहेर पडला की त्याची टोकं कापली जातात आणि दोराला दोर लागून तंतू होतात. त्या पिळाला पक्केपणा यायला क-जीवनसत्त्व लागतं. मग लायसिल ऑक्सिडेज हे विकर तंतूंना आडवे टाके घालतं. टाके पडले की ते तोडणं अवघड. डिसच्या फटीत आधी मऊ, पातळ जाळी असते. तिच्या जागी हा दोरखंड भरतो. भिंतीची भोकं बुजतात. रक्त आणि यकृतपेशी यांच्यातली देवाणघेवाण आटते. वर ती आकसणारी पेशी केशवाहिन्या आवळते. रक्ताला वाट मिळत नाही, पोर्टल शिरेतला दाब चढतो. पोर्टल शीर आणि यकृतातून बाहेर पडणारी शीर यांच्या दाबांतला फरक एरवी पाऱ्याच्या पाच मिलिमीटरच्या आत असतो. दहाच्या वर गेला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगायला लागतात, पोटात पाणी होण्याचा धोका वाढतो.

मावशी: सगळं ऐकलं. आता मला सांग, यात गुन्हा कुठे आहे? पेशी मेली, आग लागली, शेजारणीने धावत येऊन पडझड होऊ नये म्हणून टेकू लावले. ही दुरुस्ती आहे. एकदाच घाव झाला, एखाद्या औषधाने किंवा तात्पुरत्या काविळीने, तर दुरुस्ती होते, टेकू निघतात आणि यकृत पुन्हा होतं तसं होतं. वण राहतो तो घाव रोज होतो म्हणून. टेकू काढायला उसंतच मिळत नाही.

भाची: पण पुढे टेकूच रोग होऊन बसतात. मी तुला माझ्या बशीतली गोष्ट सांगते. निरोगी यकृतातून काढलेली तारकापेशी प्लास्टिकच्या साध्या बशीत ठेवली, कोणतंही विष न देता, कोणताही विषाणू न घालता, तर आठवड्याभरात ती आपणहून मायोफायब्रोब्लास्ट होते. तीच पेशी यकृताइतक्या मऊ जेलवर ठेवली तर बरीचशी शांत राहते. म्हणजे नुसता कडकपणा तिला पुरतो. आता विचार कर. वणाने यकृत कडक होतं. कडक यकृत तारकापेशीला पुन्हा जागं करतं. जागी झालेली पेशी आणखी विणते. कडक जाळ्यातून इंटेग्रिनला ओढायला जोर मिळतो, म्हणून टीजीएफ-बीटाही जास्त सुटतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मूळ घाव कमी झाला तरी ते काही काळ आपल्याच जोरावर फिरतं. फायब्रोस्कॅन मोजतो तो हाच कडकपणा. निरोगी यकृत पाच किलोपास्कलच्या आसपास, सिरॉसिसमध्ये बारा-तेराच्या वर, कधी पन्नासच्याही वर.

मावशी: हे मला पटतं. पण त्यावरून तू जो निष्कर्ष काढतेस तो पटत नाही. विणकराचे हात बांधायचा प्रयत्न झाला नाही का? टाके घालणाऱ्या विकराविरुद्ध सिमटुझुमॅब नावाची प्रतिपिंडं केली. चाचण्यांत वण कमी झाला नाही. मोनोसाइटना मारलेल्या हाका अडवणारं सेनिक्रिव्हिरॉक आलं. तिसऱ्या टप्प्याची चाचणी निष्फळ ठरली आणि थांबवली. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये ही औषधं फायद्याची वाटत होती. माणसाच्या यकृतात एक वाट अडवली तर निरोप दुसऱ्या वाटेने पोचतो.

भाची: निष्फळ ठरल्या, हे मान्य. ज्या रुग्णांनी त्या चाचण्यांना स्वतःचं शरीर दिलं, त्यांच्यामुळेच आज आम्हाला कळतं की एक दोर कापून जाळं सुटत नाही.

मावशी: आणि टीजीएफ-बीटा पूर्ण अडवता येतो का? ज्या उंदरांत त्याचं जनुकच काढून टाकलं होतं, ती पिल्लं जन्मली तर जेमतेम तीन आठवडे जगली. अनेक अवयवांत दाह पेटून मेली. तुम्ही ज्याला विणायचा हुकूम म्हणता, तोच शरीराला शांत ठेवणारा हुकूम आहे.

भाची: म्हणून तर तो सगळीकडे न अडवता जिथे सुटतो तिथेच अडवायचा. तारकापेशींतलं एक इंटेग्रिन काढलं तर उंदरांत वण कमी धरतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. हुकूम देणारा जिवंत राहतो, फक्त त्या दारातली पिशवी उसवत नाही. माणसापर्यंत यायला वेळ लागेल, पण दिशा चुकीची नाही.

मावशीने पेटीतून आणखी एक काचपट्टी काढली. काच पिवळट पडली होती आणि कडेला शाईचा अंक पुसट झाला होता.

मावशी: ही बघ. ही दीड-दोन वर्षांच्या मुलाची.

भाची: एवढी निळी जाळी? एकेका पेशीभोवती... आणि पेशी फुगलेल्या, आत गुलाबी गुठळ्या. या वयात दारू नाही, हेही कळतं. हे काय आहे?

मावशी: इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस. तुझ्या पिढीला नावही माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हीच मोठी गोष्ट आहे. मी शिकत होते तेव्हा अशी मुलं यायची. पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं, त्याची कड पानासारखी धारदार हाताला लागायची. कावीळ झाली की बहुतेक मुलं काही महिन्यांत जायची. ऑर्सीनचा रंग दिला की पेशींत तपकिरी कण दिसत. ते तांबं होतं. यकृतात प्रचंड तांबं साठलेलं.

भाची: आलं कुठून?

मावशी: दुधातून. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे, त्यांच्यासोबत इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर, यांनी घराघरांतल्या सवयी विचारल्या. या मुलांना अंगावरचं दूध लवकर बंद होऊन वरचं दूध सुरू झालेलं असायचं. ते दूध पितळेच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात तापवलेलं आणि ठेवलेलं. भांड्याची कल्हई गेलेली. तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या प्रथिनांना धरून बसतं. १९८३ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांनी हे मांडलं. मग गावोगावी, वस्त्यांत सांगितलं गेलं, बाळाचं दूध पितळेत ठेवू नका. स्टीलची भांडी स्वस्त झाली होतीच. काही वर्षांत रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरॉल भागातही १९०० ते १९७४ या काळात अशीच १३८ मुलं गेल्याची नोंद आहे. तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी, तिथेही भांडं बदललं आणि रोग गेला. हजारो मैलांवरच्या दोन ठिकाणी तोच घाव, तोच वण.

भाची: पण पितळेचं भांडं तर प्रत्येक घरात होतं. सगळी मुलं आजारी पडली नाहीत.

मावशी: नाही पडली. काहींच्या यकृताला तांबं पेलत नसणार. तो भाग तुझ्या प्रयोगशाळेचा. पण मुलं वाचायला तो भाग कळेपर्यंत थांबावं लागलं नाही. भांडं बदललं आणि पुरलं.

भाची: भांडं बदलेपर्यंत जी आधीच आजारी होती त्यांचं काय झालं? त्यांना पेनिसिलामाइन दिलंत ना? तो रेणूच आहे, मावशी. तांब्याला धरून लघवीतून बाहेर काढणारा.

मावशी: दिलं. आणि तिथे मी आयुष्यातलं सर्वांत मोठं शिक्षण घेतलं. कावीळ व्हायच्या आधी औषध मिळालेली काही मुलं जगली. १९९६ मध्ये त्यांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. पुन्हा केलेल्या बायोप्सींत काहींचा वण शांत झालेला होता आणि काहींचं यकृत जवळपास निरोगी दिसत होतं. निळं गेलं होतं! आमच्या पुस्तकात लिहिलेलं होतं की सिरॉसिस परत फिरत नाही. मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि काचेवर विश्वास ठेवला.

भाची: आता आम्हाला ते का होतं हेही थोडं माहीत आहे. वण म्हणजे पडून राहिलेला साठा नाही, तो रोजचा जमाखर्च आहे. एकीकडे कोलॅजेन जमा होतं, दुसरीकडे ते तोडणारी विकरं खर्च करत असतात. तारकापेशी विणते तेव्हा सोबत टिम्प नावाचं प्रथिन सोडते, ते या तोडणाऱ्या विकरांच्या तोंडाला कुलूप घालतं. घाव थांबला की टिम्प ओसरतं, कुलूप निघतं. तारकापेशींपैकी काही मरतात. २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं गेलं की साधारण निम्म्या मरत नाहीत, त्या पुन्हा शांत होतात. पण पूर्वीसारख्या निष्पाप राहत नाहीत. पुढच्या घावाला त्या लवकर आणि जोरात उठतात. ज्या भक्षक पेशी आधी आग लावत होत्या त्यांचाच एक अवतार कोलॅजेन खायला लागतो. घाव चालू असताना भक्षक पेशी काढून टाकल्या तर वण कमी धरतो, आणि घाव थांबल्यावर काढल्या तर वण जात नाही. एकच पेशी, दोन वेळा, दोन भूमिका.

मावशी: मग झालं तर. कारण काढा, दुरुस्ती करणारे स्वतःच आवरतात.

भाची: नेहमी नाही. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांना टेनोफोव्हिर पाच वर्षं दिलं, २०१३ मध्ये ते लॅन्सेटमध्ये आलं. आधी सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांना पाच वर्षांनी सिरॉसिस उरलं नव्हतं. हा तुझा विजय. पण विषाणू दाबलेला असताना उरलेल्या २५ जणांचं यकृत का मागे फिरलं नाही?

मावशी: त्यांच्यात वजन जास्त असलेल्यांचं प्रमाण मोठं होतं, हेही त्याच अभ्यासात आहे. म्हणजे एक घाव थांबला, दुसरा चालू राहिला.

भाची: काहींच्या बाबतीत तसं. आणि काहींच्या वणात टाके इतके पडलेले, पट्ट्यांत नव्या रक्तवाहिन्या इतक्या फुटलेल्या, की विकरांना आत शिरायला जागाच नाही. शिवाय असेही रुग्ण आहेत ज्यांच्या रोगाचं कारणच सापडलेलं नाही. पित्तनलिका आकसत जाणारा तो रोग घे, स्क्लेरोझिंग कोलॅंजायटिस. त्या माणसाला मी काय सांगू, भांडं बदल? त्याचं भांडं कोणतं ते कोणालाच माहीत नाही. त्याच्यासाठी मला विणकराच्या दारात उभं राहावंच लागेल.

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. तिने जुनी काचपट्टी काढून पहिली, निरोगी यकृताची, पुन्हा सूक्ष्मदर्शकावर ठेवली.

मावशी: इथे तू बरोबर आहेस. त्यांच्यासाठी तुझं काम चालूच राहिलं पाहिजे, आणि त्याला पैसा मिळाला पाहिजे. पण बहुतेकांचं भांडं माहीत आहे, हे तूही मान्य कर. फॅटी लिव्हरच्या वणासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं औषध रेस्मेटिरॉम, मार्च २०२४. ते काम कुठे करतं? यकृतपेशीत. चरबी जाळायला लावतं. वर्षभरात चौघांतल्या एकाचा वण निदान एक पायरी उतरला, आणि नुसती साखरेची गोळी घेतलेल्या सातांतल्या एकाचाही उतरला. २०२५ मध्ये याच रोगासाठी सेमाग्लुटाइडला मान्यता मिळाली, ते भूक आणि वजन उतरवतं. ही औषधं विणकराच्या हाताला लागलेलीच नाहीत, ती घावाकडे गेली आहेत.

भाची: पण ती ग्राहींना धरूनच जातात, आणि ते ग्राही प्रयोगशाळेतच सापडले. घाव कसा होतो हे रेणूंच्या पातळीवर कळलं नसतं तर घावापर्यंत पोचणारी गोळीही मिळाली नसती.

मावशी: हेही खरं. आणि गोळीशिवायचं सांगू? २०१५ मध्ये क्युबातून एक अभ्यास आला. फॅटी लिव्हरच्या २९३ लोकांना वर्षभर आहार आणि चालण्याची शिस्त लावली, आधी आणि नंतर बायोप्सी केली. ज्यांनी वजन दहा टक्क्यांनी उतरवलं त्यांच्यातल्या ४५ टक्के लोकांचा वण कमी झाला. अर्थात दहा टक्के उतरवणारे थोडेच निघाले. ते सोपं असतं तर तुझ्या-माझ्या घरातल्या प्रत्येकाने उतरवलं असतं. म्हणून मी रुग्णाला दोष देत नाही. त्याला वेळेवर सांगितलं गेलं का, एवढंच विचारते.

भाची: वेळ, हाच आपल्या दोघींचा मुद्दा आहे ना? तू म्हणतेस घाव लवकर थांबव. मी म्हणते चक्र आपल्या जोरावर फिरायला लागायच्या आत विणकराला शांत कर. दोन्ही एफ-दोनला शक्य आहे. एफ-चारला दोन्ही अवघड.

मावशी: मग वणाला नुसतं किती आहे असं विचारून भागत नाही. विणणं अजून चालू आहे का, हे विचारायला हवं. ते मी इतकी वर्षं अहवालात लिहिलंच नाही.

भाची: आणि मी माझ्या बशीत घाव घालणाऱ्याला कधी मोजलंच नाही. उद्यापासून दोन्ही मोजते.

इथे दोघी थांबल्या. वाचकाला सांगण्याचं उरलं ते मी सांगतो.

या वादाचा माझ्या दृष्टीने निकाल असा आहे. यकृतातला वण हा मुळात शत्रू नाही. तो न थांबलेल्या दुरुस्तीचा हिशेब आहे, आणि घाव थांबला तर तो हिशेब उलटाही फिरतो. म्हणून घावाचं कारण शोधणं हे पहिलं काम. पेशीतली कळ शोधणं हेही तितकंच खरं काम, कारण ज्यांचं कारण सापडत नाही आणि ज्यांना उशीर झाला आहे, त्यांना दुसरा आधार नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी भांडं शोधलं म्हणून मुलं वाचली; औषधाने तांबं काढलं म्हणूनही मुलं वाचली. कोणती बाजू बरोबर, हे त्या मुलांनी कधी विचारलं नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढला असेल, नियमित दारू असेल, तर पुढच्या रक्ततपासणीत डॉक्टरांना एफआयबी-४ काढायला सांगा. त्याला वय, एएसटी, एएलटी आणि प्लेटलेट्स एवढेच आकडे लागतात आणि ते बहुतेक अहवालांत आधीच असतात. आकडा १.३ च्या खाली असेल तर मोठा वण असण्याची शक्यता कमी. पासष्टीच्या पुढे ही मर्यादा २ धरतात. वर असेल तर फायब्रोस्कॅन करून घ्या. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आयुष्यात एकदा तरी करा. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. घरात बाळ जन्माला आलं तर हिपॅटायटिस बीची पहिली लस चोवीस तासांच्या आत द्या. यकृत दुखेपर्यंत थांबू नका, कारण ते दुखायला लागतं तेव्हा अनेकदा तिसरी काचपट्टी तयार झालेली असते.